कागदावरचं लग्न

नवरा-बायकोंचं ऐकून घेणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग होता. हैदराबादच्या फॅमिली कोर्टात मी समुपदेशक म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "आमची वैजू कोर्टात आहे," आणि शेजारणी मला वकील समजून जमिनीच्या भानगडी विचारायला यायच्या.

बाहेरच्यांना हे काम ठाऊक नसतं म्हणून थोडं सांगते. घटस्फोटाचा अर्ज आला की न्यायाधीश सरळ निकालाकडे जात नाहीत. आधी त्या दोघांना आमच्याकडे पाठवतात. एक बारकी खोली, एक टेबल, समोर दोन खुर्च्या. मी आधी एकाला आत घ्यायचे, मग दुसऱ्याला, मग दोघांना मिळून. कधी तेलुगू, कधी उर्दू, कधी आमची ती हैदराबादी मराठी, जी ऐकून पुण्याचे पाहुणे गालात हसतात. भांडण कशावरून झालं हे मी आधी कधीच विचारलं नाही, कारण ते दोघंही पाठ करूनच येतात. मी विचारायचे, "मागच्या खेपेला तुम्ही आजारी पडलात तेव्हा यांनी काय केलं?" या प्रश्नाला तयारीचं उत्तर नसतं. कोणी म्हणायचं, "काय करणार, कामावर गेले." कोणी नुसतं रडायला लागायचं. संसारात अजून काही शिल्लक आहे की नाही, ते त्यावरून बरंचसं समजायचं.

मी पुष्कळ संसार सांधले असं आमच्या कोर्टाचे कागद म्हणतात. सांधलेले पुढे किती टिकले याची चौकशी करायची पद्धत नाही, त्यामुळे माझं नाव चांगलं राहिलं.

तेलंगण वेगळं झालं तेव्हाची ही गोष्ट आहे. राज्याची वाटणी म्हणजे नकाशावरची रेघ, एवढंच आपल्याला दिसतं. सरकारी कचेऱ्यांमध्ये ती कपाटांपासून सुरू झाली आणि माणसांपर्यंत आली. मोठ्या कार्यालयांतल्या प्रत्येकाला तुम्हाला कुठलं राज्य हवं ते विचारलं, पण मागितलं तेच मिळेल असं नव्हतं. शाळा कुठे झाली, मूळ गाव कुठलं, नोकरीत कोण आधी लागलं, असं बघून नावं इकडे-तिकडे पडायची. आंध्राच्या वाट्याला गेलेल्याला आज ना उद्या विजयवाड्याकडे बाडबिस्तरा हलवावा लागणार होता. वर्षानुवर्षं एका टेबलावर डबा खाणारी माणसं वेगवेगळ्या टेबलांवर बसायला लागली. यातून सुटायची एक वाट होती. नवरा-बायकोपैकी एक जण तेलंगणाचा असेल तर दुसऱ्यालाही इथेच ठेवा, असं मागता यायचं. त्याला सगळे 'स्पाउस केस' म्हणायचे.

त्याचा परिणाम माझ्या खोलीत दिसला. एक जोडपं होतं, दोघं सरकारी नोकरीत, कधीपासून एकमेकांचं तोंड न बघणारं. संमतीचा घटस्फोट, शेवटची तारीख जवळ आलेली. ते दोघं एका स्कूटरवर बसून आले आणि अर्ज मागे घेतो म्हणाले. मी मिठाई मागवायच्या बेतात होते. बाई म्हणाली, "मॅडम, यांचं नाव तिकडे पडलंय. घटस्फोट झाला तर स्पाउस केस बसत नाही." नवरा मान हलवत होता. त्यांच्या अर्जावर आम्ही 'समेट' लिहिलं. असे समेट त्या काळात बरेच झाले आणि वरिष्ठांनी माझं कौतुक केलं.

त्याच दिवसांत शकू माझ्याकडे आली. नाव बदललंय, पण तिला विचारून लिहिते आहे. ती म्हणाली, "लिहा ताई, फक्त मला बिचारी करू नका."

शकू जामबागच्या शाळेत माझ्या काही वर्ग मागे होती, म्हणून मला वैजूताई म्हणते. तिचे वडील देगलूरकडून आले आणि सिकंदराबादला रेल्वेत चिकटले. आंबेडकर जयंतीला नवी साडी आणि परीक्षेत पहिला नंबर, या दोन गोष्टी त्यांच्या घरात चुकायच्या नाहीत. शकू नर्स झाली आणि सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून लागली. हिमायतनगरला तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांच्या घरात ती ललितासोबत राहत होती. ललिता गुंटूरकडची, एका खात्याच्या मुख्य कार्यालयात नोकरीला. दवाखान्यात काविळीची पेशंट म्हणून आली होती, तिथली ओळख. सोळा-सतरा वर्षं दोघी एकत्र होत्या. घरमालकाला सांगितलं होतं की खर्च वाटून राहतो. दोघी एकमेकींच्या कोण, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पण माझ्या धंद्यात माणसं एकमेकांकडे कशी बघतात यावरच भाकरी असते, त्यामुळे मला ते कधीचं कळलेलं होतं.

शकू कोर्टाच्या व्हरांड्यात उभी होती, ड्यूटीचे पांढरे कपडे अंगावर. म्हणाली, "ताई, आमच्यात भांडण झालंय. मोठं. तुमच्याकडे येता येतं का आम्हाला?"

"इथे येता येत नाही गं," मी म्हटलं. "इथे यायला आधी लग्न लागतं."

ती हसली, मीही हसले. मग मी म्हटलं, "रविवारी घरी या दोघी."

रविवारी त्या नारायणगुड्याला माझ्या घरी आल्या, पिशवीभर सीताफळं घेऊन. आमच्या ह्यांनी दोघींचे चेहरे बघितले आणि भाजी आणतो म्हणून बाहेर पडले. सवयीप्रमाणे मी आधी एकीला आतल्या खोलीत घेतलं.

ललिता उंच, शांत, चष्मेवाली. मराठी शकूकडून शिकलेली, बोलायची तेलुगू चालीवर. म्हणाली, "अक्का, माझं नाव आंध्राला पडलं. मी बोलले, जाते. शुक्रवारी संध्याकाळी गाडीत बसते, रविवारी रात्री परत जाते. खूप लोकं तसंच करणार आहेत. हिला ते नको आहे."

"मग तिला काय हवंय?"

ललिताने दाराकडे बघितलं. मग म्हणाली, "माझं लग्न करून द्यायचं आहे तिला."

मी आजाराचा प्रश्न विचारायचा म्हणून विचारला. ती म्हणाली, "अक्का, ती सिस्टर आहे. माझं डोकं दुखलं तरी चार्ट लिहिते. पण तिला मलेरिया झाला तेव्हा मी तिला उचलून तीन मजले खाली आणलं. ती अजून बोलते, तू मला पाडलं असतंस."

मग शकू आत आली. हकीकत तिने नीट सांगितली. मुरली नावाचा एक माणूस होता, नलगोंड्याकडचा, म्हणजे पक्का तेलंगणाचा. दुसऱ्या खात्यात नोकरी, पण ललिताच्याच इमारतीत. बायको वारलेली, घरी म्हातारी आई आणि सातवीतली मुलगी. त्याची आई रोज दुसऱ्या लग्नाचा धोशा लावायची आणि त्याला लग्न नको होतं. या दोघींचं त्याला ठाऊक होतं. त्यानेच सुचवलं की आपण रजिस्टर लग्न करू, तुमचं काम होईल, माझ्या आईचं तोंड बंद होईल, तुम्ही तुमच्या घरी राहा, मी माझ्या.

"ललिता नाही म्हणते," शकू म्हणाली. "तिच्या आईला काय सांगायचं, देवाला काय सांगायचं, असलं काहीतरी. मी म्हटलं, अगं, इंजेक्शनसारखं आहे. एकदा टोचतं आणि संपतं. मला शुक्रवारची शुक्रवार येणारी बाई नको ताई. मी रात्रपाळी करून सकाळी घरी येते तेव्हा ती ऑफिसला निघत असते. दारात पाच मिनिटं भेटतो आम्ही. ती पाच मिनिटं मला रोज पाहिजेत."

दोघींना समोर बसवून मी धंद्यातलं जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं. म्हटलं, लग्न कागदावर राहत नाही, त्याच्या मागून माणसं येतात. उद्या त्याची नियत फिरली, हक्क सांगायला लागला, तर सुटणं सोपं नाही. कोर्टाच्या पायरीवर बसलेल्या तशा बायका मी रोज बघते.

"माणूस कसा आहे?" मी विचारलं.

"चांगला आहे," ललिता म्हणाली. "त्याचीच मला भीती वाटते."

शकूने ते थट्टेवारी नेलं. मलाही त्या वाक्याचा अर्थ नंतरच कळला. वाईट नवरे मी हजारांनी बघितले होते आणि त्यांच्याबद्दल काय सांगायचं ते मला तोंडपाठ होतं.

रजिस्ट्रारच्या कचेरीत लग्न झालं. साक्षीदारांत मुरलीचा एक मित्र होता आणि शकू होती. शकूने नंतर मला सांगितलं की सही करताना तिला हसू येत होतं. लग्नानंतर सगळ्यांनी इराण्याकडे चहा घेतला, उस्मानिया बिस्किटं खाल्ली. मुरली आपल्या घरी मलकपेटला गेला आणि या दोघी हिमायतनगरला. लग्न नवं आहे म्हणून हरकत निघेल अशी धास्ती होती, पण कोणी काही काढलं नाही. ललिताचं नाव तेलंगणात आलं. त्या आठवड्यात शकू मला रस्त्यात भेटली, हातात नव्या पडद्यांचं कापड. म्हणाली, "बघा ताई, काही झालं का? तुम्ही उगंच घाबरवलं."

काही महिने खरंच काही झालं नाही.

पहिल्यांदा आली ती संक्रांत. मुरलीच्या आईने तेलुगू रीतीप्रमाणे बाहुल्या मांडल्या होत्या आणि सुनेच्या हातून आरती व्हावी अशी तिची इच्छा होती. ललिता एका दिवसासाठी गेली. मग गुंटूरहून तिचे आई-वडील आले. इतक्या वर्षांत ते हिमायतनगरच्या घरात एकदाही आले नव्हते. मुलगी लग्न करत नाही म्हणून बापाने बोलणं टाकलं होतं, आई चोरून फोन करायची. आता लग्न झालं कळल्यावर दोघं गोंगुऱ्याच्या, म्हणजे अंबाडीच्या, लोणच्याच्या बरण्या आणि आजीच्या बांगड्या घेऊन थेट मलकपेटला उतरले. त्यांच्यासाठी ललिताला आठ दिवस तिथे राहावं लागलं. शकू सांगत होती, "ताई, ती फोनवर रडली. वडिलांनी तिच्या ताटातलं उचलून खाल्लं म्हणून. मी तिला सांगितलं, राहा अजून दोन दिवस."

मग म्हातारीला अर्धांगवायूचा झटका आला. मुरली गडबडला. शकू स्वतः तिथे गेली, म्हातारीला कुशीवर कसं वळवायचं, नळीने कसं भरवायचं, पाठीला जखम होऊ नये म्हणून काय करायचं, ते ललिताला तिनेच शिकवलं. तीही दवाखान्यातून परस्पर मलकपेटला जाऊ लागली. म्हातारी हिला नर्सअम्मा म्हणायची. मुलीचं घरातलं नाव चिन्नी. आई गेल्यापासून ती अंथरूण ओलं करायची, इतकी मोठी मुलगी. ललिता तिथे झोपायला लागल्यावर ते थांबलं. एके दिवशी चिन्नीने ललिताला अम्मा म्हणून हाक मारली, शकू तिथेच होती, म्हातारीची चादर बदलत होती.

मुरली शब्दाला पक्का राहिला. त्याने कधी काही मागितलं नाही, कधी खोलीचं दार ढकललं नाही. दर काही दिवसांनी तो म्हणायचा, "तुम्ही आता घरी जा, मी बघतो." आणि त्याचा शर्ट उलटा घातलेला असायचा, मुलीचा डबा झालेला नसायचा. तो माणूस जरा जरी वाईट असता तरी ललिता त्याच दिवशी परत आली असती.

हिमायतनगरला ती आधी एक दिवसाआड यायची, मग आठवड्यातून दोनदा, मग रविवारी. जी शुक्रवारची बाई शकूला नको होती, ती आता रविवारची झाली होती आणि मध्ये विजयवाडा नव्हतं, शहरातलं बसचं अंतर होतं.

यातलं दुःख पहिल्यांदा ओळखलं शकूच्या आईने. ती या दोघींबद्दल कधी काही बोलली नव्हती. पौर्णिमेला विहारात ललिता मागे बसायची तेव्हा ही खीर तिच्यापुढे आधी सरकवायची, एवढंच. तिने विचारलं, "ललिता दिसत नाही हल्ली?" शकू म्हणाली, "तिचं लग्न झालं ना आई." दुसऱ्या दिवशी आई लेकाला सांगून रिक्षाने हिमायतनगरला आली आणि आठ-दहा दिवस राहिली. कोणी गेल्यावर घरात माणसं येऊन राहतात, तशी. रोज भाकरी करून शकूला समोर बसवून जेवू घातलं आणि एकही प्रश्न न विचारता परत गेली.

त्यानंतर शकू परत कोर्टात आली. माझ्या खोलीत जोडपं बसलेलं होतं, ती बाहेर बाकावर थांबली. आत आली आणि म्हणाली, "ताई, आता आम्हाला तोडायचं असेल तर कुठे जायचं?"

नवरा-बायकोला तुटायचं असेल तर केवढा खटाटोप असतो. वकील असतो, तारीख असते, मामा-काका येतात, मी असते, न्यायाधीश असतात. दहा जण म्हणतात, पुन्हा एकदा विचार करा. सहा महिने थांबा. अर्धी लग्नं मी जोडली असं मी म्हणते, पण खरं तर ती त्या थांबण्याने जुळायची. या दोघींना थांबवायला कोणी नव्हतं, कारण त्या एकत्र होत्या हेच कोणाला माहीत नव्हतं.

म्हणून मी स्वतः हिमायतनगरला गेले. ललितालाही बोलावून घेतलं. नवे पडदे लावलेल्या त्या खोलीत आम्ही तिघी बसलो.

ललिता म्हणाली, "मी हिला सोडलेलं नाही अक्का. माझ्या साड्या इथे आहेत, माझं कपाट इथे आहे. मला तिथून निघायला जमत नाही, इतकंच. निघायला चप्पल घालते आणि म्हातारी पाणी मागते."

"मी कुठे म्हणते सोडलं," शकू म्हणाली.

"मग तू बोल ना. तू एकदा बोल, ये म्हणून. मी आज येते. आत्ता."

शकू खिडकीकडे बघत होती. म्हणाली, "चिन्नीला काय सांगशील?"

ललिताने चष्मा काढून पदराने पुसला.

"तेच," शकू म्हणाली. "मीच तुला पाठवलं. मी येऊ नकोस असंही म्हणत नाही आणि ये असंही म्हणणार नाही. त्या पोरीची एक आई गेली आहे."

मी दोघींना पुष्कळ समजावलं. चिन्नीला घेऊन इथे या, आठवडा वाटून घ्या, मुरलीशी स्पष्ट बोला. जे जे जोडप्यांना सांगत आले ते सगळं सांगितलं. दोघींनी नीट ऐकून घेतलं. निघताना ललिताने शकूच्या डोक्यावर हात ठेवला, ताप बघतात तसा, आणि बस पकडायला गेली.

पुढच्या बदल्यांच्या वेळी शकूने स्वतःहून आदिलाबाद मागून घेतलं. तिकडे कोणी मागत नाही, लगेच मिळालं. आजूबाजूला मराठी बोलतात, मला बरं पडेल, असं तिने सगळ्यांना सांगितलं. वाटणीत जिला कुठेही जायचं नव्हतं तीच शहर सोडून गेली.

मुरलीची आई त्यानंतर फार दिवस राहिली नाही. तिचं सगळं आटोपल्यावर एक दिवस मुरली आणि ललिता माझ्यासमोर येऊन बसले, संमतीच्या घटस्फोटाचा अर्ज घेऊन. मुरलीच म्हणाला, तेलुगूत, खाली मान घालून, "मॅडम, यांनी माझ्या आईचं सगळं केलं. आता यांना मोकळं करायला पाहिजे. मी आधीच करायला पाहिजे होतं."

कायद्याने विचार करायला मुदत मिळते. त्या मुदतीत ललिता आदिलाबादला गेली. परत आली ती अर्ज मागे घ्यायला. मी तिला एकटीला आत घेतलं.

"काय म्हणाली शकू?"

"चिन्नी दहावीला आहे म्हणाली. या वर्षी घर मोडू नकोस. दहावी झाली की बघू."

मुलांच्या परीक्षेसाठी घटस्फोट पुढे ढकलणारी जोडपी मी अनेक बघितली. ढकलायला सांगणारे आजी-आजोबा असायचे, शिक्षक असायचे. इथे ते लग्न टिकव म्हणून सांगणारी बाई त्या लग्नामुळेच एकटी पडलेली होती. मी अर्जावर 'समेट' लिहिलं. दुसरा शब्द आमच्याकडे नव्हता.

दहावी झाली. मग बारावी झाली की बघू, असं ठरलं. त्यानंतर कोणी काही ठरवलं नाही.

निवृत्तीनंतर मला कधीमधी कॉलेजांत बोलायला बोलावतात. एकदा एका मुलीने विचारलं, "मॅडम, समलिंगी जोडपी जास्त टिकतात की स्त्री-पुरुषांची लग्नं?" हातात वही, डोळ्यांत खरी उत्सुकता. मी सांगितलं, बाई गं, आमच्याकडे मोजतात ती मोडलेली लग्नं. ज्यांना लग्नच करता येत नाही, त्यांचं जुळलेलंही मोजत नाहीत आणि मोडलेलंही नाही. मधल्या काळात कायदा बदलला, आता अशा माणसांना गुन्हेगार म्हणत नाहीत, पण नवरा-बायकोही म्हणत नाहीत. मी माझ्या खोलीत बघितलं ते एवढंच, की बहुतेक लग्नं त्या दोघांच्या जोरावर उभी नसतात. सासू उभी करते, पोरं करतात, शेजारी करतात, रेशनकार्ड करतं, कधी कधी नोकरीची यादी करते. दोघांनीच उचलून धरलेलं घर किती दिवस टिकतं म्हणशील, तर मला सोळा-सतरा वर्षं टिकलेलं एकच ठाऊक आहे. मुलीने ते लिहून घेतलं की नाही, मला दिसलं नाही.

मागच्या वर्षी चिन्नीचं लग्न झालं. मला आमंत्रण होतं, शकूलाही होतं. ती आदिलाबादहून आली, पिकलेल्या केसांची, थोडी वाकलेली. नोकरी संपल्यावरही ती तिकडेच राहिली होती. फंक्शन हॉलमध्ये आम्ही दोघी शेजारी बसलो. मंडपात नवऱ्या मुलाचे पाय धुवायचा विधी चालला होता. मुरली पाय धूत होता आणि ललिता बाजूला बसून कळशीने पाणी सोडत होती. तिचा पदर सारखा पुढे यायचा आणि मुरली ओल्या हाताने, न बघता, तो मागे सारायचा.

आमच्या शेजारी मुरलीच्या नात्यातली एक बाई होती. आम्ही दोघी मुलाकडच्या असं समजून ती तेलुगूत कौतुकाने म्हणाली, "दुसरेपणाचं लग्न, पण बघा कसं टिकलं. अशी जोडी आजकाल सापडत नाही."

शकू म्हणाली, "हौ. चांगलं जमलं त्यांचं."

जेवणं झाल्यावर ललिता आम्हाला दारापर्यंत सोडायला आली. भोवती पाहुणे होते. तिने मला साडी दिली, शकूला साडी दिली. कुंकू लावताना शकूसमोर तिचा हात थोडा थांबला. चिन्नी धावत आली, नर्सअम्मा म्हणून शकूच्या पाया पडली, नवऱ्यालाही पडायला लावलं. मग आतून कोणीतरी हाक मारली आणि ललिता गेली.

आम्ही रिक्षात बसलो. शकूला बसस्टँडवर सोडायचं होतं. बराच वेळ ती साडीच्या पिशवीचे बंद सारखे करत होती. माझी जुनी खोड, मी विचारलंच.

"राग येत नाही गं तुला कधी? तिचा?"

"येतो ना," शकू म्हणाली. "खूप येतो. पण ताई, बायको नवऱ्यावर रागावते, नवरा बायकोवर. लोकं विचारतात, काय झालं. मी कोणत्या नात्यानं रागवू?"

बसस्टँडवर आदिलाबादची गाडी लागलेली होती. तिला खिडकीची जागा मिळाली. मी खाली उभी राहिले. गाडी सुटायला वेळ होता, तर ती म्हणाली, "तुम्ही जा ताई, ऊन आहे." मी गेले नाही. एवढं तरी थांबावं असं मला वाटलं.